तो शब्द कोणी काढायचा नाही

चौतीस वर्षं मी शाळेत मुलांना गप्प बसवलं आणि निवृत्त झाल्यावर स्टेडियममध्ये माणसांना त्यांच्या खुर्च्या दाखवायचं काम धरलं. मुलं बरी होती. उन्हाळ्यात आमच्या मिलवॉकीत बाहेरगावचे लोक लोटतात. संध्याकाळी तळ्याकाठी गाणंबजावणं आणि बिअर, दुपारी बेसबॉल. माझ्या एकशे चौदा नंबरच्या विभागात येऊन ते पहिला प्रश्न विचारतात, सामना किती वाजता संपेल? बेसबॉलला घड्याळ नसतं हे सांगून सांगून माझा घसा बसला.

त्या शनिवारी दुपारी टुल्साहून आलेल्या डेसमंडनं मला पायऱ्यांवर गाठलं. "मॅडम, कोणाला सांगणार नाही ना?" म्हणत त्यानं खिशातली डबी उघडून अंगठी दाखवली. सातव्या इनिंगला सगळं मैदान उभं राहून गातं. ते गाणं संपलं की मोठ्या पडद्यावर त्याचा प्रश्न झळकणार होता आणि कॅमेरा त्या दोघांवर येणार होता. त्याच्या मैत्रिणीचे, रोशेलचे, वडील मूळचे इथले. ती या मैदानाच्या गोष्टी ऐकत वाढलेली, म्हणून मागणी इथेच घालायची. त्याला स्वतःला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"तेव्हा ती फक्त माझ्या शेजारी असली म्हणजे झालं," तो म्हणाला.

"मग जाणार आहे कुठे ती?" मी म्हटलं.

ती तिसऱ्या इनिंगला सॉसेज आणायला गेली.

खेळ चालू असताना मी कोणाला पायऱ्या उतरू देत नाही, मग तो गव्हर्नर का असेना. रोशेल परत आली तेव्हा मी तिला वरच्या पायरीवर, माझ्याजवळच थांबवलं. नेमका तेव्हाच समोरच्या संघातल्या एकाचा जबरदस्त फटका बसला. चेंडू थेट कुंपणाकडे निघाला आणि आमच्या पोरानं भिंतीवर आपटून घेत तो झेलला. आरडाओरडा झाला. डेसमंडच्या शेजारी क्लेम ग्रॅबोव्स्की बसलेला होता. एक्केचाळीस वर्षं त्याची तीच खुर्ची. पहिल्या बायकोपेक्षा ही जास्त टिकली असं तोच सांगतो. त्यानं मागे वळून रोशेल कुठे उभी आहे ते नीट पाहिलं आणि मला बोटानं खूण केली. तिथंच ठेव तिला.

पाचव्या इनिंगपर्यंत का ते सगळ्यांना कळलं होतं. आमचा पिचर बेल्ट्रान, अडतीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा, आणि त्याच्या चेंडूवर समोरच्या एकालाही धड फटका मारून पळता आलं नव्हतं. हे नऊच्या नऊ इनिंग टिकलं तर त्याला एक नाव आहे. पुष्कळ लोक ते बघायला मिळावं म्हणून जन्मभर खुर्च्या झिजवतात आणि तसेच मरतात. मात्र ते घडत असताना ते नाव तोंडातून काढायचं नसतं आणि जो जिथे असेल त्यानं तिथून हलायचं नसतं. नाही तर नजर लागते. आम्ही शिकलीसवरलेली माणसं आहोत. मी तर शाळेत विज्ञान शिकवायची.

"तू जा ग खाली, आता मधे थोडा वेळ आहे," मी रोशेलला हळूच म्हटलं. शेवटी मला त्या अंगठीचं माहीत होतं.

"काय बोलताय! मी नाही जाणार." तिच्या हातात अर्धं सॉसेज होतं, तेही ती तिसऱ्या इनिंगपासून पुढे खात नव्हती. "माझे बाबा एकदा आठव्या इनिंगला बिअर आणायला उठले होते. पुढच्याच चेंडूला सगळं गेलं. सव्वीस वर्षं झाली, अजून स्वतःला माफ केलेलं नाही त्यांनी. आत्ता घरी रेडिओला कान लावून बसले असतील. मी हलले तर कोणत्या तोंडानं भेटू त्यांना?"

खाली डेसमंड मान वळवून वळवून खुणा करत होता. ती बोटानंही उत्तर देईना. शेवटी तो उठायला लागला, तसा क्लेमनं त्याचा शर्ट धरून खाली ओढला.

"बस खाली."

"का? काय झालंय?"

"काही नाही झालं."

"मग मी उठतो की!"

"उठायचं नाही."

"अहो आजोबा, पण का ते सांगाल का?"

"ते सांगता येत नाही. आणि आजोबा कोणाला म्हणतोस रे?"

त्यानं पुढच्या बाईला विचारलं, मागच्या माणसाला विचारलं. सगळे त्याच्याकडे असे बघत होते जसं काही त्यानं कोणाच्या मयतीत हसून दाखवलं.

सातवी इनिंग आली. गाणं झालं, आणि पडद्यावर भलीमोठी अक्षरं उमटली: रोशेल, माझ्याशी लग्न करशील? कॅमेऱ्यानं डेसमंडला शोधून काढलं. गुडघा टेकलेला डेसमंड, एका बाजूला रिकामी खुर्ची, दुसऱ्या बाजूला क्लेम. तीस हजार माणसं हसली. कोणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याला विचार!"

रोशेलनं तोंडावर हात दाबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पाय जागचे हलत नव्हते. "दोनच इनिंग राहिल्या," ती पुटपुटली. "दोनच. मग सांगते त्याला. समजून घेईल तो."

तो कुठून समजून घेणार? पडदा साबणाच्या जाहिरातीकडे वळला. डेसमंडनं डबी मिटली आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत बसला. आपल्याला नकार मिळाला, आणि तोही सगळ्या गावासमोर, असंच त्याला वाटत होतं. मला त्याची फार दया आली. तरी मीही जागची हलले नाही, हे कबूल करते.

नववी इनिंग. आता शेवटचा एक गडी. सगळं मैदान उभं, पण चकार शब्द नाही. क्लेमनं दोन्ही हातांत टोपी पिळून धरली होती, त्यामुळे शर्ट धरायला हात उरला नव्हता. डेसमंड उठला आणि पायऱ्या चढून वर आला. मी हात आडवा केला, तो त्यानं बाजूला सारला.

"रोशेल, नको असेल तर नको म्हण," तो म्हणाला. "मी काही मरत नाही. पण दोन तास तू माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. मी केलं तरी काय?"

तिनं बोट ओठांवर ठेवून एक मिनिट थांबायची खूण केली.

"बरं," तो म्हणाला आणि दरवाज्याकडे वळला.

खाली बेल्ट्राननं हात मागे नेला होता. रोशेलनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डेसमंडच्या पाठीकडे. आणि मोठ्यांदा, सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नो-हिटर आहे, डेस! नो-हिटर चालू आहे, म्हणून मी हलले नाही!"

तीस-चाळीस डोकी गर्रकन मागे वळली. आणि तेवढ्यात बॅटचा आवाज आला, धड फटक्याचा. चेंडू दोघा खेळाडूंच्या मधून सरळ हिरवळीत गेला, अगदी फिरायला निघाल्यासारखा.

असा उसासा मी कधी ऐकला नव्हता. मग हळूहळू लोक बेल्ट्रानसाठी टाळ्या वाजवू लागले. आमच्या विभागात मात्र कोणी टाळी वाजवेना. सगळे आमच्याकडे बघत होते.

डेसमंड गोंधळून म्हणाला, "ते कळलं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर काय?"

मला राहवलं नाही. "अरे शहाण्या, तुझ्यापायी तिनं तीस हजार माणसांच्या आणि स्वतःच्या बापाच्या तोंडचा घास काढून घेतला," मी म्हटलं. "‘हो’ आणखी कसं म्हणतात?"

खालून क्लेम ओरडला. डोळे लाल, टोपीचा पार चोळामोळा.

"घाल ती अंगठी एकदाची! आज कोणाचं तरी काहीतरी पुरं होऊ दे!"