उन्हातली गार कोंबडी

शिंपीणबाईच्या अंगणातल्या गुबगुबीत कोंबड्या गेल्या उन्हाळ्यात पटापट मेल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यंदा ती चौकशी करूनच बाजारात गेली: उन्हात तगणाऱ्या हव्यात, म्हणजे अंगानं हलक्या, मोठ्या तुऱ्याच्या, उघड्या मानेच्या घ्यायच्या. नवरा आजारातून नुकता उठला होता, त्याला रोज अंडं हवं होतं. त्याच्यात तिचा जीव होता, नाहीतर खुराडं झाडायची तिला कसली हौस!

कोंबडीवालीनं पारखायला म्हणून भर दुपारी कोंबड्या उन्हात सोडल्या. सगळ्या चोची वासून धापा टाकू लागल्या. एकच काळी, जाड पिसांची, चोच मिटून बसली.

"ही पण द्या."

"ती नको, ताई. धापा टाकते ती उन्हाशी झगडते. ही झगडतच नाही. माझ्याकडे कुठून आली, देव जाणे."

बाई चांगला माल दडवते आहे, असं शिंपिणीला वाटलं. अति शहाणपण नडतं ते असं. तीन उघड्या मानेच्यांबरोबर तिनं काळीही आणली. हाताला ती माठासारखी गार लागली.

दोनच दिवसांत त्या तिघींनी धापा टाकणं सोडलं, मग पाणीही सोडलं. सावली टाकून त्या उन्हात काळीला चिकटून बसायच्या.

तिसऱ्या दुपारी शिंपीण मशीनवरून उठून बाहेर आली, तर नवरा उघड्या डोक्यानं अंगणात बसलेला. मांडीवर काळी.

"अगं ये, काय गारवा आहे!"

सकाळचा चहा शेजारी तसाच होता, वर साय धरलेली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला, तर तेही माठासारखं गार. पायाशी तिघी बसल्या होत्या. एकीला हलवलं, तर ती ताठ कलंडली, डोळे उघडेच.

"अहो, सोडा तिला!"

"नको गं. हिच्याशिवाय आता करमत नाही."

तिनं ओढली, पण पंजे त्याच्या कपड्यात रुतलेले. शेवटी ती शेजारी बसली आणि स्वतःची मांडी पुढे केली. "इकडे ये, बाई. त्यांना सोड."

कोंबडी निमूट आली.

नवऱ्यानं मोठा श्वास घेतला. त्याला दरदरून घाम फुटला. "बाप रे, काय ऊन हे! पाणी दे गं."

तो घाम बघून तिला आनंदानं रडू आलं. पाणी आणायला उठायचंही तिच्या मनात होतं. पण खालची फरशी आता मुळीच चटके देत नव्हती.

"तुम्हीच घ्या ना," ती म्हणाली. "मला इथं फार बरं वाटतंय."