डाग न देणारा लेसर

आमच्या यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सौंसरच्या शिबिरात झालं, जुन्या पद्धतीनं. डोळ्यातलं भिंग काढलं आणि नाकावर जाड चष्मा चढवला. त्या चष्म्यातून सगळंच मोठं दिसतं, हे यांनी कधी मनावर घेतलं नाही. बोरगावच्या आमच्या बागेत उभं राहून यांनी संत्र्याचं माप असं काही सांगितलं, की व्यापारी हिरामण पोट धरून हसला.

तेव्हापासून फळ मी बघायची. पण आमच्यात बायका व्यापाऱ्यापुढे बोलत नाहीत. मी माजघरात यांना हळूच सांगायची, आणि हे ओसरीवर जाऊन स्वतःचा अंदाज म्हणून ठोकून द्यायचे. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू?

मग माझं ऑपरेशन नागपूरला झालं, नव्या पद्धतीनं, डोळ्यातच भिंग बसवून. वर्षभर झकास दिसलं. एकोणनव्वदच्या दसऱ्याला मात्र धुरकट दिसायला लागलं. भिंगामागच्या पातळ पापुद्र्यावर साय धरली होती. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेसरनं उघडू.

"लेसर?" हे उसळले. "आमच्या भैय्याजीले आतून डागलं त्या लेसरनं! काही गरज नाही."

भैय्याजी म्हणजे यांचे मित्र, साखरेचा आजार असलेले. डाग म्हटल्यावर मीही घाबरले. लहानपणी पोट दुखलं म्हणून मला बिब्ब्यानं डागलं होतं, त्या खुणा अजून आहेत. पण बाग फळावर आली होती. आता मलाही दिसलं नाही, तर हिरामण म्हणेल तेच माप धरावं लागणार होतं.

"मी जाऊन राहिली," मी म्हटलं. "तुम्ही या, नाहीतर राहा."

हे आले, आणि भैय्याजींची गोष्ट डॉक्टरीणबाईंनाही ऐकवली.

बाई हसल्या. "भैय्याजींचा लेसर जुना, काका. तो उष्णतेनं डाग देतो. त्यांच्या गळणाऱ्या शिरा बंद करायला तोच लागतो. हा नवा भाजत नाही. बारीक टिचक्या मारून त्या पापुद्र्याला मधोमध भोक पाडतो."

मी बसल्या बसल्या यंत्रावर हनुवटी टेकवली. टिक टिक झालं आणि संपलं. ना पट्टी, ना टाके. संध्याकाळपर्यंत यांच्या दाढीचे पांढरे खुंटसुद्धा दिसायला लागले.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बागेत गेले. शेंड्यावरची संत्री दिसत होती, माशीनं टोचलेली वेगळी ओळखू येत होती. मी सांगत होते, हे मागून ऐकत चालत होते.

तेवढ्यात हिरामण आला. मी सवयीनं झाडाआड सरकले.

"काय म्हणता यशवंतराव, कसं हाय फळ यंदा?"

"मले काहून विचारता?" हे म्हणाले. "इतके वर्षं तिचंच सांगणं मी सांगून राहिलो. तिलेच विचारा."

पदर सावरत मी पुढे झाले आणि म्हटलं, "फळ लहान हाय भाऊ, पण झाडं लदली हायेत."

हिरामणनं यांच्याकडे पाहिलंच नाही. तो मला म्हणाला, "चला वहिनी, दाखवा."