खुंट्याचा खांदा

सकाळपासून भट्टीला नीट धग लागत नव्हती. लाकडं ओलसर, गवत पाण्यावाचून काडीसारखं झालेलं, आणि त्यात लोहार येऊन दारातच बसलेला. तेलवालीनं त्याला बस म्हटलं नव्हतं. पण लोहाराला बस म्हणावं लागत नाही, आणि ऊठ म्हटल्यानं तो उठतही नाही. गावच्या दोरखेचीचा तो म्होरक्या, आणि सामना परवावर आला होता.

"वहिनी, खुंटा परवा उभा राहतो की नाही, एवढंच सांगा," तो म्हणाला.

खुंटा म्हणजे तेलवालीचा धाकटा दीर. दोराच्या शेवटच्या टोकाला उभा राहायचा तो. दोर कमरेला वेढायचा, खांद्यावरून घ्यायचा, टाचा मातीत रोवायच्या, की मग समोरून बैल जुंपले तरी गडी हलत नाही, अशी त्याची ख्याती. त्याचं खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागे. सराव करताना त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी कडकन वाजलं, आणि तेव्हापासून अख्ख्या गावाचा जीव त्या एका खांद्यात अडकला होता. कारण हा नुसता खेळ नव्हता. कालवा एक आणि गावं दोन. उन्हाळ्यात पहिलं पाणी कुणी घ्यायचं यावरून पूर्वी डोकी फुटायची, म्हणून कुणा शहाण्यानं मध्ये दोर आणून टाकला. जे गाव ओढेल त्याचं पाणी आधी. दुसऱ्याची पाळी येईतो कालव्यात चिखल उरतो, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं.

तेलवालीनं एक ओंडका आत सरकवला. "रोज चोळतेय तेल," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, आणि उत्तरही नव्हतं. लोहाराला तेवढं पुरलं. जाताना म्हणाला, की मग आम्हाला कसली काळजी, तेल तुमच्या घरचं आहे.

इथंच तर सगळं घोडं अडलं होतं. या घरात वासाच्या गवताचं तेल काढायचे ते सासूबाईंच्या सासूपासून. तांब्याच्या हंड्यात गवत दाबून भरायचं, खालून जाळ द्यायचा, वाफ नळीनं गार पाण्याच्या टाकीतून न्यायची, की शेवटी बरणीत पाण्यावर पिवळा तवंग धरतो. तेच तेल. नुसतं लावलं तर कातडी भाजून काढतं, म्हणून तिळाच्या तेलात थेंबाथेंबानं मिसळून चोळायचं. पाय मुरगळलेले, पाठ धरलेले, पोटऱ्यांत गोळे आलेले सगळे खेळगडी याच ओट्यावर यायचे आणि बरे वाटून जायचे. सासूबाई छातीठोकपणे सांगायच्या, की आमच्या तेलानं मोडलेलं माणूस उभं राहतं. या खेपेलाही त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, पोरगा उभा राहणार म्हणजे राहणार.

तेलवालीला मात्र खरं काय ते माहीत होतं. शहरातल्या हाडांच्या डॉक्टरकडे तीच त्याला घेऊन गेली होती, सासूबाईंना माहेरी जाते म्हणून सांगून. डॉक्टर भला माणूस. त्यानं तेलाची बाटली हुंगली, छान आहे म्हणाला, ठणका कमी होईल, झोप लागेल, चोळा खुशाल. पण खांद्यातला दोरा अर्धा फाटलाय, आणि तो काही तेलानं शिवला जात नाही. दोन महिने हात गळ्यात अडकवा आणि ओझं म्हणून उचलू नका. परत ताण पडला तर उरलेला तुटेल, आणि मग हा हात डोक्यापर्यंत जायचा नाही, कधीच. हे ऐकताना खुंटा खिडकीबाहेर बघत बसला होता. बाहेर आल्यावर त्यानं वहिनीकडून वचन घेतलं, की हे घरी बोलायचं नाही, गावात तर मुळीच नाही. दोन महिने गळ्यात हात अडकवून फिरलो तर पाण्यासाठी तोंड सुकलेल्या माणसांना काय सांगू, असं तो म्हणाला.

तरी तिनं एकदा सासूबाईंपाशी विषय काढून पाहिला, की भाऊजींना या वर्षी राहू दे, दुखणं आतलं दिसतंय. सासूबाई ताटावरून उठल्या. "म्हणजे आपलं तेल खोटं, असं तूच म्हणतेस? या घरची सून?" नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आईला विचार. बाईची नुसती घुसमट झाली. खरं सांगावं तर दिराला दिलेलं वचन मोडतं, घराचं नाव बुडतं आणि पाण्याचं खापर आपल्या डोक्यावर फुटतं. गप्प बसावं तर उभ्या पोराचा हात जातो. लग्न होऊन आली तेव्हा हा दीर तिच्या पदराला धरून फिरत होता. त्याचा हात कामातून गेलेला बघायचा, आणि तोही आपल्याच तेलाच्या भरवशावर, हे तिला गिळवत नव्हतं.

सामन्याच्या आदल्या दुपारी सासूबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. तेलवालीनं दिराला भट्टीपाशी बसवलं. बरणीतलं तेल तिनं तसंच, एक थेंब तिळाचं न घालता, त्याच्या खांद्यावर ओतलं, चांगलं जिरवलं, वर मेणकापड घातलं आणि पट्टी करकचून बांधली. देवा, मला क्षमा कर, असं ती मनातल्या मनात म्हणत होती.

"आज फार चरचरतंय," खुंटा म्हणाला.

"उद्यासाठी जोरकस केलंय. सकाळपर्यंत सोडू नका."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग सदरा चढवून निघून गेला.

सकाळी कालव्याच्या काठावर दोन्ही गावं लोटली होती. पट्टी सगळ्यांसमक्ष सोडायची पद्धत होती, समोरच्यांच्या मनात धडकी भरावी म्हणून. लोहारानं ऐटीत पट्टी सोडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खांदा मानेपासून दंडापर्यंत लालभडक, वर टपोरे फोड आलेले. खुंटा म्हणाला, बांधा दोर. त्यांनी बांधलाही. दोर घासताच फोड फुटले आणि तो मटकन खाली बसला. मग दोराच्या टोकाला उभा केला गिरणीवाला. अंगानं आडवा, पण वाऱ्यानं दार ढकलावं तसा तो सरकत गेला. पहिलं पाणी गेलं.

लोक तेलवालीभोवती गोळा झाले. ती म्हणाली, मिसळताना हात चुकला. कुणीतरी म्हणालं, पाणी घालवलंस. कुणी त्याहून वाईट बोललं, ते इथं सांगण्यासारखं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी पट्टी नाकाशी धरली.

"तुझा हात चुकत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याच हाताखाली शिकलीस तू. आजपासून भट्टीला शिवायचं नाही."

उन्हाळा असा गेला, की आठवण नको. चिखल आला तोही निम्म्या वाफ्यांपर्यंतच. गवत उभ्याउभ्या वाळलं आणि लोहारानं रस्त्यात भेटली की तोंड फिरवायला सुरुवात केली. पाणी भरायला गेली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. या सगळ्यात एक चांगलं झालं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. खांदा भाजलेला, म्हणून खुंट्याला सदरा चालेना, ओझं चालेना, आणि सासूबाईंनी स्वतः त्याचा हात फडक्यानं गळ्यात अडकवून टाकला. डॉक्टरच्या शब्दानं जे झालं नसतं ते फोडांनी केलं. उन्हाळा सरता सरता एका सकाळी त्यानं वळचणीला टांगलेला विळा उजव्या हातानं काढला. सासूबाईंनी ते बघितलं, आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की तेलानंच बरा केला पोरगा, आधी भाजतं आणि मग जोडतं. लोहार लगोलग ओट्यावर हजर. पुढच्या वर्षी दोराच्या टोकाला खुंटाच, म्हणाला, आणि आमच्या सगळ्या पोरांना तसलंच तेल द्या. सासूबाईंनी मान डोलावली. सुनेला त्यांनी आतून हाक मारली, भट्टी पेटव म्हणून.

तेलवाली भट्टी पेटवायच्या ऐवजी विळा घेऊन शेतात गेली आणि वाळक्या गवताचे बुडखे कापत सुटली. रडावं की हसावं, तिला समजेना. तिनं सोडवलेला हात परत दोराला बांधायचं ठरलं होतं, आणि तेही तिच्याच तेलाचं नाव घेऊन. थोड्या वेळानं खुंटा आला आणि शेजारच्या ओळीत बसला. सामन्यापासून तो तिच्याशी धड बोलला नव्हता.

"त्या रात्री फार भाजलं, वहिनी."

तिचा विळा थांबला. "मला माफ करा, भाऊजी. दुसरं काही सुचलं नाही मला."

"उशाशी पाण्याची बादली होती. पट्टी सोडून धुवून टाकता आलं असतं." त्यानं एक बुडखा उपटला, माती झटकली. "मी सोडली नाही."

तिनं विळा खाली ठेवला. मग ती म्हणाली, "तर मग आताच सरळ नाही म्हणा. मी आहे तुमच्या बाजूनं."

"कुणाला नाही म्हणू? आईला? लोहाराला? पाण्याला?" तो गावाकडे बघत राहिला. ओट्यावरून सासूबाईंची हाक ऐकू येत होती, भट्टी पेटवलीस का म्हणून. "पुढच्या वर्षी सामन्याच्या आदल्या दिवशी मला बोलाव," तो म्हणाला. "आणि तिळाचं घालू नकोस."