ओडेराची वार

जरा जवळ सरका, बाबांनो, ढोल खाली ठेवा. किसुमूच्या इस्पितळातल्या अवुओरची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल ते हात जोडूनच उठाल.

दार कुलपासकट आत कोसळलं, तेव्हा अवुओर मिठाच्या पाण्यात बाळंतपणात पडलेली एक वार धूत होती. बाळंतिणींनी इस्पितळाला दिलेल्या वारेचा पातळ पापुद्रा सोलायचा, धुवायचा, पेशी खरवडायच्या, वाळवायचा, जंतू मारायला किरणांखालून काढायचा. दातांचे डॉक्टर तो फाटक्या हिरडीवर शिवत आणि त्याच्या आधारानं हिरडी पुन्हा भरून येई. कमी धुतला तर कुजे, जास्त खरवडला तर विरून जाई. बारा वर्षं तिनं हेच केलं.

दारात ओगाडा. हातात कोयता. पहिल्या घावात बरण्या फुटल्या, दुसरा घाव टेबलात रुतला.

"माझ्या पोराची, ओडेराची वार कुठाय, बये?"

अवुओरला तो आठवेना; पोराच्या नावावरून त्याची बायको आठवली. तीन महिन्यांपूर्वी तिनं वार देण्याच्या कागदावर सही केली होती. आपल्यात वार बापाच्या दाराशी पुरतात, हे अवुओरला का ठाऊक नव्हतं? पण घाईत तिनं एकट्या आईलाच विचारलं.

"पोर परवा गेलं!" ओगाडा ओरडला. "माझी म्हातारी म्हणते, याची वार आपल्या मातीत नाही, मग हा कुठल्या घरचा? कशाच्या शेजारी निजवू त्याला? दे!"

"भाऊ, ती आता तशी राहिली नाही. धुतली, रक्त गेलं..."

"धुतलंस? माझं पोर धुऊन टाकलंस?"

कोयत्याची मूठ तिच्या तोंडावर बसली. दोन दात फरशीवर उडाले. ती उठू लागली, तर त्यानं केस धरून तिचं तोंड मोरीच्या कडेवर आपटलं. हिरडी फाटून लोंबू लागली.

आवाज ऐकून दातांचे डॉक्टर न्यांगवेसो धावत आले. "तुरुंगात सडवतो तुला, राक्षसा!"

अवुओरनं हात वर केला. रांगत कपाट गाठलं, चिठ्ठ्या वाचून तळहाताएवढी पुडी काढली.

"वेडी झालीस?" डॉक्टर म्हणाले. "तयार असलेली हीच शेवटची. तुझी हिरडी कशानं शिवू? हाड उघडं पडेल."

"ज्याची त्याला," ती म्हणाली.

ओगाडानं पुडी फोडली. आत कांद्याच्या सालीसारखा एक तुकडा.

"एवढंच? बाकीची?"

"सात जणांच्या तोंडात. सातही जण आता मासळी चावून खातात."

त्यानं पुडी उजेडाकडे धरली. "यात माझा ओडेरा आहे का गं, मावशे?"

अवुओर रक्त थुंकली. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. "नाही रे बाळा. तो ज्यात निजला, त्या कापडाची वीण तेवढी राहिलीय. माणसाचं मांस ती वीण ओळखतं. तुझी माती का नाही ओळखणार?" मग म्हणाली, "तुला विचारायला हवं होतं. चुकले मी."

कोयता गळून पडला. तो तुकडा त्यानं दोन्ही हातांत घेतला, झोपलेलं तान्हं घ्यावं तसा.

तिची हिरडी पुढं भरलीच नाही. रविवारी ती भजन गायला उभी राहते, तेव्हा फटीतून वारा शीळ घालतो. पोरं हसतात. ती तोंडावर हात धरत नाही.

आज प्रार्थनेला डोळे मिटाल तेव्हा तिला आठवा. ती म्हणेल, माझं राहू द्या, ओडेराचं नाव घ्या. तेवढं घ्या.