जागा राखणारा गुडघा

मी एक सिमेंटचा गुडघा बोलतोय, तोही तात्पुरता. माझ्या जन्माआधीची हकीकत मी शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, पट्टी बदलली जात असताना ऐकली. रुग्णाची थोरली नणंद ती परिचारिकेला सांगत होती.

रुग्ण म्हणजे प्रौढ बायकांना सायकल शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या कृत्रिम गुडघ्यात संसर्ग मुरला होता. जखमेतून वर्षभर पू झिरपत होता. सर्जननी काहीही न लपवता पर्याय मांडले. सांधा तसाच ठेवून आतून धुणे. पण धातूवर जंतूंचा जुना थर बसल्यावर ते सहसा पुरत नाही. एकाच वेळी जुना काढून नवा बसवणे. पण हा जंतू औषधांना सहज दाद देणारा नव्हता. दोन टप्प्यांत बदलणे, म्हणजे आधी जुना काढून संसर्ग गेल्यावरच नवा बसवणे. तेही फसले, तर हाडे जोडून पाय कायमचा सरळ करणे. आणि अगदी अखेरीस पाय कापणे.

"सरळ पायानं पॅडल कसं मारू?" बाईंनी एवढेच विचारले.

"म्हणून दोन टप्पे करू. पण खात्री देत नाही."

जुना सांधा निघाला, सडका भाग खरवडला गेला आणि प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटपासून मी साच्यात घडलो. नव्या सांध्याची जागा राखायची, औषध पाझरत ठेवायचे, जेमतेम वाकायचे. पूर्ण भार मला पेलवत नसे.

काही आठवड्यांनी पू थांबला. वॉकर धरून तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "वन्सं, हाच राहू दे. पुन्हा कापाकापी नको."

"अगं, सायकल शिकवताना मला सारखं 'ब्रेक सोडा, ब्रेक सोडा' करतेस. आता तू कशाला दाबून बसलीस?"

"मी सोडला तर तुम्ही सोडाल?"

"आधी तू!"

सर्जन हसले, पण घाई त्यांनीही केली नाही. "सिमेंट कधीतरी तडकणारच. तरी रक्त आणि सांध्यातलं पाणी तपासल्याशिवाय नवा बसवणार नाही." त्यांचा हा सावधपणा आणि बाईंचा धीर, दोन्ही मी आतून अनुभवले.

तपासण्या समाधानकारक आल्यावर मला काढले. नवा सांधा बसला. "वाकतोय," असे सर्जन म्हणाल्याचे मी स्वतः ऐकले.

आता मी प्रयोगशाळेतल्या बरणीत आहे. माझ्यावर जंतू वाढले नाहीत. लवकरच मला टाकून देतील. हळहळू नका, निघून जाण्यासाठीच मी घडलो होतो.

परवा इथे कुणी म्हणाले, बाई तपासणीला सायकलवरून आल्या आणि मागून नणंदबाईही. मात्र नणंदबाई सायकल चालवत होत्या की हाताने ढकलत, याची खातरजमा मला करता आलेली नाही.