पाच हजारांचं मैदान

"अजी, हे कोनं रोवलं इथं?"

पार्बताबाईने शेवंतीच्या वाफ्यातून उपटलेली खुंटी नवऱ्यापुढे धरली. खुंटीच्या डोक्याला लाल फडकं बांधलेलं होतं. नत्थुजी मोट जुंपत होता. बैल तसेच उभे ठेवून तो आला आणि त्याचा चेहरा उतरला. एकच खुंटी नव्हती. शेवंतीतून झेंडूत, झेंडूतून वांग्यांत अशी सरळ रांग गेली होती आणि शेवटची खुंटी थेट विहिरीच्या काठावर उभी होती.

"पयले ते जिथची तिथं रोव," तो म्हणाला. "सरकारी दिसते."

"सरकारी असो का कोनाची असो. माह्या शेवंतीत काहून?"

नत्थुजीने रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. ती शेजारच्या मैदानाच्या भिंतीपासून निघाली होती.

अमरावतीहून वलगावकडे जाणाऱ्या रस्त्याला हा मळा होता. जागा नझूलची, म्हणजे सरकारची. पट्टा दरसाल नवा करून घ्यावा लागे. पण विहीर नत्थुजीच्या बापाने स्वतः खणलेली होती आणि तिला कधी उन्हाळा माहीत नव्हता. मळ्याला लागूनच मैदान कमिटीने फुटबॉलचं मैदान बांधलं होतं. सरकारची ग्रँट आणि गावाची जकात, दोन्ही त्यात ओतली होती. चारी बाजूंनी भिंत, एका अंगाला टिनाच्या छपराचा स्टँड, आणि लाट साहेबाच्या बंगल्याला शोभावं असं लोखंडी गेट. कमिटीचे अध्यक्ष खुशालराव, जिनिंगवाले. गावच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्षही तेच. नत्थुजीची विहीर जवळ, म्हणून मैदानावर पाणी शिंपडायचं आणि रविवारी गेट उघडायचं काम त्यांनी नत्थुजीला दिलं होतं. काम हलकं होतं आणि नत्थुजीला ते मनापासून आवडत होतं.

त्या सकाळी तो तसाच मळक्या धोतराने खुशालरावांच्या ओट्यावर गेला. खुशालरावांची दाढी चालली होती. अर्ध्या गालावर फेस, गळ्याशी वस्तरा.

"भाऊसाहेब, माह्या मळ्यात खुंट्या रोवल्या कोनंतरी."

"मीच सांगतलं रोवायले. दुसरा स्टँड होऊन राहिला, नत्थु. लोकायले बसायले जागा पुरत नाई."

नत्थुजीला आधी वाटलं थट्टा आहे. "कोनत्या लोकायले?"

"पाच हजार लोक येते दर रविवारी. पेपरात छापून येते. साहेबाच्या कचेरीत बी तोच आकडा हाये."

"पाच हजार? कोनं पाह्यले?"

"तूच पाह्यले," खुशालराव म्हणाले. न्हाव्याने वस्तरा जरा बाजूला घेतला, कारण मालकाला हसू येत होतं. "दर रविवारी संध्याकाळी मी गाडी थांबवून इचारतो का नाई, नत्थु, कसं काय मैदान? तू काय सांगतो?"

नत्थुजीने दर रविवारचंच सांगितलं. "भरलं हाये."

"मंग? भरलं म्हंजे तिथं पाच हजार मावते. गेटवाल्याचा शब्द. त्याच्यावर ग्रँट मंजूर होऊन राहिली."

आता हे 'भरलं हाये' कुठून आलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारा नत्थुजीला लबाड म्हणायचा. माळ्याच्या घरात रिकाम्याला रिकामं म्हणत नाहीत. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. पार्बताबाई बाजारातून तळाशी चार सुकल्या पाकळ्या घेऊन परतली आणि वाटेत कुणी विचारलं, बाई, टोपल्यात काही हाये का, तर ती म्हणणार, भरलं हाये. रिकामं म्हटलं की बरकत गेली. त्यातून दिवेलागणीची वेळ असली तर विचारूच नका. नत्थुजीने बापाच्या तोंडून हे ऐकलं, बापाने आजाच्या. खुशालरावांची गाडी नेमकी दिवेलागणीला येई आणि नत्थुजी आपल्या टोपल्याबद्दल बोलावं तसं मैदानाबद्दल बोले. खुशालराव काही परमुलखातले नव्हते. त्यांच्याही खळ्यावर लाभच मोजला जात होता. त्यांना सगळं कळत होतं.

"या रविवारी डिप्टी कमिशनर साहेब स्वता येऊन राहिले," खुशालराव म्हणाले. "अकोल्याची टीम येते. साहेब गेटवाल्याले इचारल. दर खेपेले जे सांगतो तेच सांग. तुले वलगावच्या अंगाले दुसरी जागा पाहू."

"तिथं विहीर नाई, भाऊसाहेब."

"पट्टा दरसाल नवा होते, नत्थु. इसरू नोको." आणि त्यांनी दुसरा गाल न्हाव्यापुढे केला.

घरी येऊन नत्थुजीने पार्बताबाईला सगळं सांगितलं. तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमच्याच तोंडानं गेला म्हना मळा." तिला लागेल असं बोलायचं नव्हतं, पण लागलं. नत्थुजीला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कुर्बानकडे गेला. कुर्बान क्लबचा कप्तान. प्रेसमध्ये कापसाच्या गाठी बांधायचं काम करायचा आणि संध्याकाळी अनवाणी असा खेळायचा की नत्थुजी पाण्याची बादली हातातच धरून उभा राहायचा. नत्थुजीला मूलबाळ नव्हतं. हा पोरगा चेंडू घेऊन निघाला की त्याला आपलंच कुणी धावतंय असं वाटे. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी साहेबाले खरं सांगू का, कुर्बान?"

कुर्बान दारातल्या खाटेवर बसून चेंडूची उसवलेली शिवण घालत होता. त्याने मान वर केली नाही.

"चाचा, खरं सांगतलं तं ग्रँट बंद. ग्रँट बंद तं मैदान बंद. झूट बोलले तं मळा गेला. अन् तुमी मले इचारून राहिले?"

"कोनाले इचारू मंग?"

"मी म्हनीन मळा जाऊ द्या, तं मी हरामखोर. मी म्हनीन मैदान जाऊ द्या..." त्याने दात लावून दोरा तोडला. "ते मले म्हनता येत नाई, चाचा. माफ करा."

आतून हाजराबी, कुर्बानची आई, चहा घेऊन आली. दर रविवारी टिनाच्या स्टँडात पहिल्या पायरीवर बसणारी ती एकटी बाई. नत्थुजीने चहा घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

खुशालरावांनी मात्र कसूर ठेवली नव्हती. शनिवारपर्यंत अमरावतीत, वलगावात, पार चांदूर बाजारपर्यंत दवंडी फिरली. आधी फुटबॉल, आणि लगेच त्याच मैदानात कुस्त्यांची दंगल. जिंकेल त्याला चांदीचं कडं आणि फेटा. गेट फुकट.

रविवारी दुपारपासूनच रस्ता माणसांनी फुलला. बैलगाड्या, सायकली, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. गेट उघडून नत्थुजी बाजूला झाला आणि लोंढा आत शिरला. स्टँड भरला, भिंत भरली, कडुलिंबाच्या फांद्या भरल्या. इतक्या दिवसांत जे तो तोंडाने बोलला होता ते आज डोळ्यांपुढे उभं होतं. पलीकडे, भिंतीच्या वरून, त्याच्या शेवंतीतली लाल फडकी वाऱ्यावर हलत होती.

साहेब आले. लांब, लालबुंद, डोक्यावर हॅट. खुशालरावांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, तोही नत्थुजीच्याच मळ्यातला. खेळ सुरू झाला.

थोड्याच वेळात एक गंमत व्हायला लागली. अकोल्याचा गडी चेंडूसाठी झेपावताना घसरून उताणा पडला आणि सारं मैदान ओरडून उठलं, "चीत! चीत!" कुणी फेटे उडवले. आणखी एकजण पडला, पुन्हा तोच गजर. मधे चेंडू नुसताच इकडून तिकडे जात राहिला की लोक कंटाळून विचारत, "कुस्त्या कवा होऊन राहिल्या बाप्पा?"

आणि मग कुर्बानला चेंडू मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि डाव्या पायाने असा मारला की अकोल्याच्या गोलकीपरने हात वर करायच्या आत जाळं हललं. नत्थुजी गेटवर होता तिथे उडालाच. पण मैदान गप्प होतं. कुणी पडलं नव्हतं, कुणाची पाठ मातीला लागली नव्हती, मग ओरडायचं कशासाठी? त्या एवढ्या गर्दीत हाजराबी एकटी पहिल्या पायरीवर उभी राहून ओरडत होती, "शाबास रे माह्या वाघा!"

साहेब टाळी वाजवायला उठले होते. त्यांनी टाळी वाजवली, मग थांबून आजूबाजूच्या तोंडांकडे पाहिलं. हा माणूस विलायतेत स्वतः खेळलेला असावा. गोल झाल्यावर लोक कसे ओरडतात हे त्याला माहीत असणार. तो पुन्हा खाली बसला नाही. सरळ गेटकडे चालत आला. मागोमाग खुशालराव.

"तुम रोज गेट पर रहता है?"

"जी साहेब."

"पिछले इतवार मैदान कैसा था?"

सूर्य कलला होता. दिवेलागण व्हायला फार वेळ नव्हता. खुशालराव साहेबाच्या पाठीमागून एकटक बघत होते. नत्थुजीच्या ओठांवर ते जुने दोन शब्द आले, सवयीने, आपोआप. ते गिळायला त्याला आयुष्यातलं सगळं बळ लागलं. आणि गिळले तरी 'रिकामं' म्हणायला जीभ वळेना. मैदानात कुर्बान गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होता आणि इकडेच पाहत होता.

"सच बोलो," साहेब म्हणाले.

"हाजराबी आलती, साहेब," नत्थुजी हळूच म्हणाला. "थे पाहा, थे बसली. कुर्बानची माय. सूर्यभान शिंपी आल्ता. त्याचा पाय अधू हाये, घरी करमत नाई त्याले. शालिकराम आल्ता, फुटानेवाला. त्याचे फुटाने खपले नाई, मंग त्यानं अन् मी बसून खाल्ले."

"और?"

"कोनाच्या तरी बकऱ्या आलत्या. अन् मी होतो."

"बस?"

"बस."

"तो हर हफ्ते 'भरा है' किसने बोला?"

"मीच बोललो, साहेब."

"झूठ क्यों बोला?"

नत्थुजीने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला त्याची लाजही वाटली नाही. "आमी माळी मानसं हावो. रिकाम्याले आमी रिकामं म्हनत नाई. थे चांगलं नसते."

"अडानी मानूस हाये, साहेब, याच्या बोलन्यावर..." खुशालरावांनी सुरुवात केली. पण साहेबांनी गळ्यातला हार काढला, नत्थुजीच्या हातात दिला आणि कुस्त्या सुरू व्हायच्या आत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात कमिटीची माणसं येऊन खुंट्या उपटून घेऊन गेली. त्यातली एक पार्बताबाईने चुलीत घालायला ठेवून घेतली होती, तीही त्यांनी मागून नेली. मळा वाचला. पट्टाही नवा झाला, साहेबांच्या सहीने. खुशालरावांच्या घरी रोज फुलं द्यायची बांधी मात्र बंद पडली, आणि गावात 'अमरावतीचं नाक कापलं' असं नत्थुजीला तोंडावर ऐकवणारे लोक निघाले. ते सारे दंगल बघायला आलेले होते.

ग्रँट बंद झाली. क्लब मोडला. कापसाचा हंगाम भरात आला होता आणि गाड्यांना जागा हवी होती, तेव्हा कमिटीने मैदान गाड्यांच्या अड्ड्याला देऊन टाकलं. गेटची किल्ली नत्थुजीकडून काढून घेणार होते, सोमवारी. कुर्बानला अकोल्याच्या टीमने उचललं. तिथल्या मिलमध्ये त्याला काम मिळालं होतं. हे नत्थुजीला शालिकरामने सांगितलं. कुर्बान स्वतः मळ्याकडे फिरकला नव्हता.

रविवारी दुपारी नत्थुजीने नेहमीप्रमाणे बादल्या भरल्या. पार्बताबाई म्हणाली, "आता कोनासाठी शिंपडता?" त्याने सगळ्या मैदानावर पाणी शिंपडलं, गेट उघडलं आणि आपल्या जागी बसून राहिला. कुणी येणार नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

उन्हं उतरली तेव्हा कुर्बान आला. बगलेत चेंडू. गेटमधून जाताना त्याने नत्थुजीकडे पाहिलं नाही, पण ओल्या मातीकडे पाहून क्षणभर थांबला. मग पायातल्या वहाणा काढून त्याने त्या नत्थुजीच्या शेजारी ठेवल्या, नेहमी ठेवायचा तशा, आणि मैदानात गेला.

तो बराच वेळ एकटाच खेळला. नसलेल्या गड्यांना चुकवत, गोलापर्यंत जात, चेंडू आणायला स्वतःच धावत. टिनाच्या स्टँडात कुणी नव्हतं. हाजराबी घरी सामान बांधत होती. मळ्यात पार्बताबाईने विहिरीजवळच्या देवळीत दिवा लावला.

मैदानाच्या मधोमध चेंडू पायाखाली दाबून कुर्बान थांबला. छाती वरखाली होत होती. त्याने पहिल्यांदाच गेटकडे तोंड केलं.

"चाचा," तो ओरडला, "कसं काय मैदान आज?"

नत्थुजी उठून उभा राहिला. त्याने एकदा सगळ्या पायऱ्यांवरून नजर फिरवली.

"भरलं हाये, बापू," तो म्हणाला. "तू खेळ."