जड नाव

नातवाचं नाव मी सुचवलं होतं. प्रबस्वर विजयनिंग्रात. जावा बेटावरच्या आमच्या क्लातेनमध्ये आजोबांनी नाव सुचवण्यात काही विशेष नाही. पण मी ते जुन्या जावी भाषेच्या शब्दकोशातून शोधून काढलं होतं, आणि बारशाला जमलेल्या निम्म्या लोकांना ते उच्चारताच येईना. माझ्या विहीणबाई सारिन्तेन तेव्हाच म्हणाल्या होत्या, "मास्तर, नाव आहे की कपाट? हे डोक्यावर घेऊन पोराने चालायचं कसं?" सगळे हसले, मीही हसलो. खरं तर मी मास्तरही नाही. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात माझी सगळी नोकरी सरली. शिकवायला वर्गासमोर उभं राहावं लागतं, ते मला कधी जमलं नसतं.

घरात त्याला आम्ही प्रबा म्हणायचो. तीन वर्षांचा झाला तरी तो हाकेला वळत नसे. कान तपासून घेतले. कान उत्तम होते. मागच्या अंगणात कुणी तळलेला क्रुपुक, म्हणजे आमच्याकडचा पापड, मोडला तरी तो आवाज ऐकून हा पुढच्या दारातून धावत यायचा. नाव घेतलं, की मात्र भिंतीशी बोलल्यासारखं.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसतज्ज्ञ बाईंनी त्याला स्वमग्नता असल्याचं सांगितलं आणि मग पुढच्या वाटा समजावल्या. खेळातून करायचे उपचार असतात, वागणुकीला हळूहळू वळण लावणारे असतात, आवाज आणि स्पर्श सोसायला शिकवणारे असतात, काहींत मुलापेक्षा आईबापांनाच शिकवतात. प्रत्येक मुलाला यातलं वेगळं काही लागू पडतं, त्या म्हणाल्या. मी सगळं वाचून काढलं आणि जितकं वाचलं तितका जास्त गोंधळलो. शिवाय खाणावळीचं पत्रक लांबलचक आणि चुलीवर एकच भाजी, अशी आमच्याकडची गत. मोठं केंद्र सोलो शहरात होतं, पण बसच्या इंजिनाचा आवाज प्रबाला सहन होत नसे. तो डोकं खिडकीवर आपटू लागायचा आणि आम्हाला अर्ध्या वाटेत उतरावं लागायचं. राहिल्या त्या इफाताई. रुग्णालयाकडून त्या दर मंगळवारी प्रबाला शिकवायला घरी येत.

इफाताई वयाने लहान होत्या, पण धांदरट नव्हत्या. पहिल्याच मंगळवारी त्यांनी माझ्या मुलीला, वेनिंगला, विचारलं, "याला दिवसभरात कोणकोण हाक मारतं? आणि हाकेनंतर काय होतं? सोड, नको, जेव, अंघोळीला चल. मग त्याने वळावं कशाला?" वेनिंगला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. घरी बसून ती शाळेचे गणवेश शिवते. नवरा बास्कोरो दूर कालिमंतान बेटाकडे कोळसा वाहणाऱ्या बार्जवर असतो. तिच्या हाका सगळ्या घाईतल्याच असायच्या.

ताईंनी नियम घालून दिला. नाव एकच, तेही एकाच रूपात. रागावताना घ्यायचं नाही, उगाच घ्यायचं नाही. हाकेमागून त्याच्या आवडीचं काही येणार असेल, तेव्हाच घ्यायचं. रिकामा माणूस मी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी त्याच्या मागे बसायचो, "प्रबा" म्हणायचो आणि त्याच्या कानाशी क्रुपुक मोडायचो. मग म्हणणं आणि मोडणं यांत थोडं थांबायचो. मग थोडं जास्त थांबायचो. शेजारपाजारचे लोक कुंपणावरून पाहायचे. म्हातारा नातवाला पाढे शिकवतोय की पापड विकतोय, असं कुणीतरी म्हणालंही.

एका दुपारी तो क्रुपुक मोडण्याआधीच वळला.

मला खात्री वाटेना. तळणीचा वास आला असेल, माझी खुर्ची करकरली असेल. मी ताईंना तसं सांगितलं. त्यांनी मला रिकाम्या हातांनी कपाटामागे उभं केलं आणि हाक मारायला लावली. तो आला, कपाटाला वळसा घालून आला, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत नाही, हनुवटीकडे. मी चष्मा पुसायला बाहेर गेलो.

पुढे कोरडे दिवस सुरू झाले आणि एका सकाळी अंगणात त्याला आकडी आली. वेनिंग एकटी होती. तिने त्याला कुशीवर वळवून धरलं, एवढं तिला सुचलं. डॉक्टर म्हणाले, अशा काही मुलांना हेही असतं, औषध रोज द्या, ते लागू पडेपर्यंत पुन्हा एखादी येऊ शकते, घाबरू नका. घाबरू नका हे त्यांनी ज्या सहजपणे सांगितलं, त्यानेच आम्ही अधिक घाबरलो.

विहीणबाई त्याच दिवशी आल्या. प्रबाशेजारी बसल्या, त्याच्या पावलांना तेल लावलं, मग म्हणाल्या की त्या कुणाला दोष देत नाहीत. औषध द्या, मंगळवारची मुलगीही येऊ दे. पण हे नाव उतरवा. पोराला ते पेलत नाही, जड नावाखाली मूल आजारी पडतं. त्यांच्या स्वतःच्या मुलाचं मूळ नाव दुसरंच होतं. लहानपणी तो सारखा तापाने फणफणायचा, म्हणून ते बदलून बास्कोरो ठेवलं आणि तेव्हापासून तो घोड्यासारखा धडधाकट आहे. बास्कोरोला तर मी जावई म्हणून धडधाकटच पाहिलेला.

तरी मी बोललो. तेच मला दोनदा सांगावं लागलं. मी म्हणालो, तो आत्ता कुठे त्या नावाला वळायला लागलाय. हे नाव काढून घेतलं तर त्याच्याकडे दुसरं काही नाही.

विहीणबाई रागावल्या नाहीत. "मास्तर, तो वळावा म्हणून तुम्हाला नाव हवंय. मला तो जगायला हवाय."

वेनिंग माझ्याकडे पाहत होती. मी पुढे काही म्हणावं याची ती वाट पाहत होती, हे मला कळत होतं. इतकं वाचलेल्या माणसाकडे एखादं वाक्य असायला हवं होतं. पण माझ्या मनात एकच विचार येत होता: मी हट्ट धरला आणि उद्या पुन्हा आकडी आली तर? नावाने आजार होतो असं मी मानत नाही. मानत नाही, असं तरी मला वाटतं. रात्री बास्कोरोचा फोन आला. "बाबा, माफ करा, पण आई म्हणते तसं होऊ द्या," एवढंच तो बोलला. मागे यंत्रांची घरघर चालली होती.

नाव बदलायच्या विधीची लाल आणि पांढरी खीर झाली, शेजारी जमले, मशिदीतल्या सारोजीबुवांनी दुआ मागितली. नवं नाव वालुयो, म्हणजे बरा झालेला. "चला, आता हाक मारताना जीभ तरी अडखळणार नाही," कुणीतरी म्हणालं आणि लोकांनी खिरीच्या वाट्या मोकळ्या केल्या. जुनं नाव पुन्हा घ्यायचं नाही हे कुणी सांगायची गरज नव्हती. घेतलं की गेलेलं दुखणं घराचा पत्ता विचारत परत येतं, हे इथे सगळ्यांना माहीत असतं. तो मात्र कोपऱ्यात वाटीचं झाकण फिरवत होता.

माझी सगळी आशा मंगळवारवर होती. इफाताई भांडतील, त्या शिकलेल्या आहेत, त्यांचं ऐकतील. वेनिंगने सगळं सांगितल्यावर त्यांनी खेळण्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाचंही नाव असंच बदललं होतं. आमच्या घरी कुणी वाद घातला नाही. तुमच्या घरी मी कसा घालू?"

मी विचारलं, म्हणजे आता?

"म्हणजे पहिल्यापासून. नवं नावही शिकेल तो, वेळ लागेल. पण आजोबा, अधूनमधून जुनं घ्यायचं नाही. दोन्ही नावं कानांवर पडली तर दोन्ही जातील." नजर खाली ठेवून त्यांनी खेळण्यांची पिशवी उघडली.

मी पुन्हा त्याच्या मागे बसू लागलो. "वालुयो," आणि क्रुपुक. तो क्रुपुक ऐकायचा. शब्द ऐकतोय असं कधी दिसलं नाही. माझ्याच आवाजात काही कमी पडतंय का, नाव मनापासून घेतलं जात नाहीये का, असं मला वाटत राही. एकदा मी एकटाच परसात जाऊन ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं.

एका संध्याकाळी मी त्याला घेऊन भातशेतांच्या बाजूला गेलो होतो. पाटाचं दार वर उचललेलं होतं, पाणी जोरात सुटत होतं आणि त्यावर ऊन चमकत होतं. त्याने हात सोडवला आणि तो पळाला. माझ्या गुडघ्यांची गोष्ट सोडा. मी ओरडलो, "वालुयो!" तो पळत राहिला. मी पुन्हा ओरडलो. काठ समोर आला होता.

"प्रबा!"

तो थांबला. वळला. एक पाऊल काठाच्या ओल्या मातीवर होतं. मी पोचेपर्यंत तो तसाच उभा राहिला, माझ्या हनुवटीकडे पाहत. पलीकडच्या शेतात बदकं राखणारा माणूस हातातली काठी टेकून आमच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आकडी आली. पहिलीपेक्षा लांबलेली.

ती ओसरली, तो झोपला, वेनिंगने त्याच्या ओठांच्या कडेचा फेस पुसला. माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, "बाबा, तो बदकंवाला सांगत होता, काल पाटावर तुम्ही त्याला कुठल्या नावाने हाक मारली?"

मी सांगितलं. पाण्याचंही सांगितलं. औषध लागू पडेपर्यंत आकडी येऊ शकते असं डॉक्टर म्हणाले होते, याची आठवण करून दिली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "डॉक्टरांचंच बरोबर असेल." तिने फडकं पिळलं. "तरी बाबा, यापुढे तुम्ही त्याला हाक मारू नका. नव्या नावानेही नको. तुमच्या तोंडून चुकून जुनं जाईल."

"आणि तो परत पाण्याकडे पळाला तर?"

"हात धरून ठेवा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं, कदाचित. आतून पुन्हा शिलाई यंत्राचा आवाज सुरू झाला.

मंगळवारी इफाताई आल्या की त्याच्या मागे आता वेनिंग बसते, काम बाजूला ठेवून, घड्याळाकडे पाहत. मी ओसरीवर असतो. संध्याकाळी मी त्याला फिरायला नेतो आणि मनगट धरून चालतो. मनगट धरलेलं त्याला मुळीच आवडत नाही. तो हात पिरगाळतो, कळवळून आवाज काढतो, दात लावतो. मी काही बोलत नाही. तो सोडवून घेतो, मी पुन्हा धरतो. दिवसेंदिवस त्याच्या हातात जोर येतोय.